गोव्यात लोकांना कर्जाची भीती उरली नाही का?

तुम्ही विचारलंय की आजोबा कर्जाचं नाव काढलं तरी घाबरायचे आणि आता मिक्सरसुद्धा हप्त्यावर येतो, तर माणसं बदलली का? मी डिचोलीच्या बाजारात अठरा वर्षं पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत, गोळा केली. तिथून जे दिसलं तेवढंच सांगतो.

आजोबा घाबरायचे हे अर्धंच खरं. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्याकडे दारोदारी कर्जाचे ट्रक उभे होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक जागेवर गंजले, हप्ते मात्र थांबले नाहीत. फरक इतकाच की त्या कर्जाला जामीन लागायचा. सोसायटीच्या कागदावर मामाची नाहीतर शेजाऱ्याची सही, म्हणजे अख्ख्या वाड्याला खबर. लाज होती ती त्या सहीची. आता फोनवर अंगठा टेकवला की पैसे जमा, बायकोलाही पत्ता नसतो.

बाजारात एक भाजीवाली आहे. रोज शंभर रुपये पिग्मीत टाकायची आणि गणेश चवथीच्या आधी काढायची: गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान, पोरांचे कपडे, उरलं तर कानातलं. व्याज नावापुरतंच, मुदतीआधी मोडलं तर तेही जायचं. तरी पैसे तिचे होते. मग तिच्या गाड्यावर पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो डबा आला आणि त्या कंपनीने पंचवीस हजारांचं कर्ज देऊ केलं. रोज १५५ रुपये आपोआप कापले जाणार, १८० दिवस. एकूण २७,९००. तिला वाटलं, वर २,९०० म्हणजे काही फार नाही. पण मुद्दल रोज उतरत असताना वर्षाचा खरा दर चाळीस टक्क्यांच्या पुढे जातो. मी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. ‘पण पैसे लगेच मिळाले ना,’ म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

रोज थोडे थोडे भरायची सवय तीच आहे हो, फक्त पिग्मी उलटी फिरली. (‘नो कॉस्ट’ हप्त्यालाही भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ सालीच बजावलं होतं.)

गेल्या चवथीला तिने माझ्याकडचं खातं बंद केलं. ‘दोन दोन ठिकाणी रोज कुठून भरू, दादा?’