अल्फा-क्रिस्टलिन : संरक्षक की पाठराखीण?

मोतीबिंदूवरचा एक लेख मराठीत आणताना एका वाचकाला दोन शब्द अडले आहेत. डोळ्याच्या भिंगातल्या ‘क्रिस्टलिन’ प्रथिनांना ‘स्फटिक-प्रथिनं’ म्हणावं का? आणि त्यांतल्या अल्फा-क्रिस्टलिनला ‘मॉलेक्युलर शॅपरोन’ म्हणतात, त्यासाठी ‘रेणवीय संरक्षक’ चालेल का?

पहिल्याचं उत्तर : नको. ग्रीक ‘क्रुस्तालॉस’ म्हणजे आधी बर्फ, आणि मग बर्फासारखा दिसणारा दगड. मराठीतही हेच घडलंय. आभाळातून पडते ती गार आणि माळावर सापडते ती गारगोटीही गारच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पाणी आणि दगड एका शब्दात बसवले, याचं मला अजूनही नवल वाटतं. जुने अरबी वैद्यसुद्धा भिंगाला ‘जलीदी’, म्हणजे बर्फासारखा रस, म्हणत. तेव्हा ‘स्फटिकासारखं स्वच्छ’ एवढाच अर्थ घेतला तर ‘स्फटिक’ चूक नाही. पण शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या वाचकाला स्फटिक म्हटलं की तुरटी आठवते, खडीसाखर आठवते, रेणूंच्या शिस्तीत लागलेल्या रांगा आठवतात. भिंगात तशा रांगा नसतात. तिथे ही प्रथिनं विरघळलेली असतात, तीही विलक्षण दाटीनं. भिंगाच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा प्रथिनांचाच. दाटी सगळीकडे सारखी असल्यानं प्रकाश न विखुरता पार जातो. उलट गॅमा-डी नावाच्या क्रिस्टलिनच्या एका जनुकदोषात प्रथिनाच्या साखळीत ३६व्या जागी आर्जिनीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल येतं आणि त्या प्रथिनाचे खरोखरचे स्फटिक बनतात. तो लहान वयातला मोतीबिंदू असतो. जे झालं की दिसेनासं होतं, त्याचंच नाव या प्रथिनांना कसं द्यायचं? ‘क्रिस्टलिन’ आहे तसंच ठेवा.

दुसऱ्या शब्दावर जरा थांबू. ‘मॉलेक्युलर शॅपरोन’ हा शब्दप्रयोग जीवशास्त्रज्ञ रॉन लास्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये केला, तो वेगळ्याच एका प्रथिनासाठी. शॅपरोन म्हणजे युरोपातल्या जुन्या चालीप्रमाणे अविवाहित मुलीसोबत जाणारी वडीलधारी बाई. मुलीचं नको तिथे सूत जुळू नये, हे तिनं बघायचं.

‘संरक्षक’ म्हटलं की शत्रू बाहेरचा वाटतो. भिंगात धोका घरातलाच आहे. भिंगाच्या पेशी पक्व होताना आपलं केंद्रक आणि प्रथिनं बनवण्याची सगळी यंत्रणा टाकून देतात, कारण ती प्रकाशाच्या वाटेत येते. त्यानंतर नवं प्रथिन बनणं नाही, जुनं बदलणं नाही. सत्तरीच्या आजीच्या भिंगाच्या गाभ्यात तिच्या जन्माआधी तयार झालेलं प्रथिन असतं. प्रथिन म्हणजे घड्या घालून ठेवलेली लांब साखळी, आणि एवढ्या वर्षांत बीटा आणि गॅमा या इतर क्रिस्टलिनच्या घड्या कुठे कुठे सैल होतात. आत दडलेला, पाण्याला टाळणारा भाग उघडा पडतो आणि शेजारच्या तशाच भागाला चिकटतो. प्रथिनं साकळतात. (रक्त साकळतं तसंच, ‘समुच्चयन’पेक्षा हे क्रियापद मला कितीतरी बरं वाटतं.) गुठळ्या पुरेशा मोठ्या झाल्या की प्रकाश विखुरतो आणि भिंग धुरकट होतं. अल्फा-क्रिस्टलिन त्या उघड्या भागाला धरून ठेवतं, हे संशोधक जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ मध्ये दाखवलं. विस्कटलेली घडी पुन्हा घालून देणं त्याला फारसं जमत नाही. ते धरून ठेवतं, साकळू देत नाही.

यासाठी आपल्याकडे शब्द आहे : पाठराखीण. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची कुणीतरी जाते, ती. माझ्या आईची पाठराखीण म्हणून तिची आत्या गेली होती. आई सांगायची, सासरच्या ओसरीवर बसल्यावर तिचे हात थरथरायला लागले, तेव्हा आत्यानं पदराआडून तिचा हात घट्ट धरला. बोलली काही नाही. अल्फा-क्रिस्टलिनबद्दल वाचताना मला दर वेळी तो हात आठवतो.

फरक आहे, तो मान्य. शॅपरोन लग्नाआधीची, पाठराखीण लग्नानंतरची. पहिलीचा भर पाळतीवर, दुसरीचा आधारावर. पण अडचणीतल्या प्रथिनाला आधार देणं आणि त्याचं भलतीकडे सूत जुळू न देणं, ही दोन्ही कामं इथे एकच रेणू करतो. शिवाय या पाठराखिणी मोजक्या. भिंगाच्या गाभ्यात नव्या येत नाहीत, आणि ज्यांनी हात धरला त्या पुढच्या कामाला मोकळ्या होतातच असं नाही. वय वाढतं तसं मोकळं अल्फा-क्रिस्टलिन कमी होत जातं.

लिहिताना लिंग सांभाळा. ‘अल्फा-क्रिस्टलिन ही पाठराखीण आहे’ कानाला खटकतं. ‘अल्फा-क्रिस्टलिन पाठराखिणीचं काम करतं’ असं लिहा. पूर्ण गटाचं नाव हवं असेल तिथे ‘पाठराखी प्रथिनं’, आणि पहिल्या उल्लेखाला शेजारी ‘शॅपरोन’ देऊन ठेवा.