तुमचे प्रश्न : आधी त्याने प्रेम केलं

या वेळी वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतून पत्रं आणि मेसेज आलेत, आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच काळजी दिसते, आपण देवाला पुरे पडतो का. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : माझे बाबा मासेमारीच्या बोटीवर होते. दारूचं व्यसन होतं, नाताळ आणि इस्टर सोडून चर्चला कधी आले नाहीत, आईला खूप त्रास दिला. पावसाच्या तोंडावर हार्टअटॅकने अचानक गेले, फादर येईपर्यंत सगळं संपलं होतं, ना पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, ना आजाऱ्याला लावतात ते अभ्यंगाचं तेल. दफनाच्या दिवशीच एक नातेवाईक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, असल्या माणसाला कुठलं तारण, कुठली मुक्ती. तेव्हापासून आई दर महिन्याला बाबांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अर्पण करायला दान देते, घरात पैशाची ओढाताण असूनसुद्धा. किती मिस्सा झाल्या म्हणजे बाबा सुटतील? बोट सोडताना ते न चुकता क्रुसाची खूण करायचे, तिला काही किंमत आहे का? (एक मुलगी, वसई)

उत्तर : ताई, आधी त्या बाईंच्या वाक्याबद्दल बोलू, कारण ते तुमच्या मनात रुतून बसलंय हे पत्रावरून कळतंय. तसं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. चर्चने आजवर कितीतरी जणांना संत म्हणून जाहीर केलं, पण अमुक माणूस नरकात आहे असं एकाही माणसाबद्दल अधिकृतपणे कधी जाहीर केलेलं नाही, अगदी येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलही नाही. जे चर्चसुद्धा करत नाही ते आपण दफनभूमीच्या दारात उभं राहून करायचं नाही, आणि तेही मेलेल्या माणसाच्या लेकीच्या देखत, हे लिहिताना मला राग येतोय आणि तो मी लपवत नाही.

आता बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय काढा. येशूच्या बाजूला दोन गुन्हेगार खिळलेले आहेत, त्यातला एक म्हणतो की आम्हाला आमच्या कृत्यांचंच फळ मिळतंय, ह्यांनी मात्र काहीच वाईट केलं नाही, आणि मग येशूला म्हणतो, आपण आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण करा. बस, एवढंच. त्याच्याकडे पुढे नीट जगून दाखवायला दिवस नव्हते, कुणाचं लुबाडलेलं परत करायला हात मोकळे नव्हते, बाप्तिस्मा नव्हता, मिस्सा नव्हती. त्याला उत्तर काय मिळालं, तर "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील". आज. शेवटच्या क्षणी बाबांच्या मनात काय होतं ते तुम्हाला, मला किंवा त्या बाईंना माहीत असणं शक्य नाही, पण ज्याच्यासमोर ते गेले त्याला एक वाक्य पुरतं हे आपल्याला शुभवर्तमानातूनच कळतं.

उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल, पण ती पुन्हा एकदा सावकाश वाचा, कारण त्यात एक बारीक जागा आहे जी प्रवचनात बरेचदा निसटते. बापाकडून घेतलेलं सगळं उधळून कंगाल झालेला मुलगा घरी निघायच्या आधीच बोलणं पाठ करतो, बाबा मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी आल्यावर पहिली दोन वाक्यं बोलून होतात, पण मोलकरी ठेवा हे तिसरं वाक्य काही तोंडातून बाहेर येत नाही, बाप लगेच नोकरांना सांगतो की उत्तम झगा आणा, अंगठी घाला, पायात जोडे घाला. आणि त्याच्याही आधी, मुलगा अजून दूर असतानाच बापाने त्याला पाहिलेलं आहे आणि तो धावत गेलेला आहे. म्हणजे माफी मागितली म्हणून बापाला माया आली असं नाही, माया आधीच होती. योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात हेच सरळ लिहिलंय, आपण देवावर प्रेम केलं असं नाही, त्यानेच आपल्यावर प्रेम केलं आणि आपल्या पुत्राला पाठवलं. ख्रिस्ती तारणाचा पाया विचाराल तर तो हाच, बाकी सगळं ह्याच्यावर उभं आहे.

मिस्सांचं म्हणाल तर आकडा असा काही नाही. मृतांसाठी प्रार्थना करणं ही चर्चची फार जुनी रीत आहे, देवाच्या कृपेत जे गेले पण ज्यांचं अजून शुद्धीकरण व्हायचंय त्यांना आपल्या प्रार्थनेची साथ होते अशी आपली श्रद्धा आहे, आणि मिस्सा ही त्यातली सगळ्यात मोठी प्रार्थना. पण इतक्या मिस्सा म्हणजे इतकी सुटका असा दर चर्चने कुठेच लावलेला नाही. एकेका मिस्सेत ख्रिस्ताचं तेच एक बलिदान आपल्यासमोर येतं जे कालवारीच्या टेकडीवर क्रुसावर झालं, आणि त्या बलिदानाचे पैसे कुणी भरू शकत नाही. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात, म्हणजे कॅनन लॉमध्ये, ९४७ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की मिस्सेच्या दानात धंद्याचा नुसता भाससुद्धा होता कामा नये, आणि ९४५ व्या कलमात फादरांना आग्रहाने सांगितलंय की दान मिळालं नाही तरी लोकांच्या, त्यातही गरिबांच्या, हेतूंसाठी मिस्सा करा. म्हणून आईला सांगा, फादरांना मोकळेपणी परिस्थिती सांग, लाज वाटायचं काही कारण नाही. रोज संध्याकाळी घरी रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या, वेळी बाबांचं नाव घेतलं तरी ती प्रार्थनाच आहे.

आईबद्दल अजून एक. बाबांनी तिला त्रास दिला हे खरं आहे, आणि कृपा म्हणजे ते झालंच नाही असं म्हणणं नव्हे. देव क्षमा करतो तेव्हा दुखावलेल्या माणसाकडे पाठ फिरवून करत नाही. आईच्या मनात अजून राग असेल तर तो असू दे, कुणी तिला आता विसर, आता माफ कर म्हणून घाई करू नये. तिच्यावरही देवाचं तेवढंच प्रेम आहे, हे तिला कुणी सांगितलंय का? बाबांचं तारण सगळे बोलतात, पण इतकी वर्षं घर ओढलेल्या बाईला देवाची माया कळावी म्हणून तुम्ही तिच्याजवळ बसा.

आणि ती क्रुसाची खूण. तिची किंमत लावत बसू नका, ती बाबांच्या बाजूने दाखवायचा पुरावा नाही आणि पुराव्याची गरजही नाही. भर समुद्रात जाणारा माणूस स्वतःच्या बळावर परत येणार नाही हे जाणून कुणाचा तरी हात धरू पाहत होता, एवढं त्यातून दिसतं, आणि तो हात त्यांच्या आधीपासून पुढे आलेला होता.

प्रश्न : तारण कृपेनेच मिळत असेल तर चांगलं वागायचं कशाला? आमच्या ग्रुपमधली पोरं म्हणतात शनिवारी काय वाटेल ते कर, रविवारी पापनिवेदन आहेच. (एक तरुण, रत्नागिरी. आमच्या हापूसच्या बागा आहेत.)

उत्तर : मित्रा, हा प्रश्न संत पौलालाही विचारला गेला होता, त्याने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय तिथूनच सुरू होतो, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? आणि तो म्हणतो, मुळीच नाही.

तुझ्या घरी बागा आहेत म्हणून तिथलंच सांगतो. रायवळच्या रोपाला कुणी बागायतदार असं म्हणत नाही की आधी हापूस धरून दाखव, मग तुला कलम बांधतो. तो आधी हापूसची काडी आणून बांधतो, पट्टी गुंडाळतो, पाणी घालतो, वर्षानुवर्षं वाट बघतो, आणि मग फळ येतं. फळ आलं म्हणून कलम झालं नाही, कलम झालं म्हणून फळ आलं. पण म्हणून फळाला महत्त्व नाही असं तुझे वडील म्हणतील का? मोहोरच धरत नसेल तर ते जोड बघायला जातीलच की काडी मेली का म्हणून. संत याकोब नेमकं तेच विचारतो, कृत्यांवाचून विश्वास निर्जीव आहे. आणि तुला माहीत असेल, जोडाच्या खालून रायवळची फूट येत राहते, ती वेळोवेळी काढावी लागते नाहीतर वरची काडी दबून जाते. पापनिवेदन हे त्या फुटीसाठी आहे, फूट वाढवत बसायची परवानगी म्हणून नाही. पुन्हा हे करणार नाही असा मनाचा निर्धार नसेल तर तो पश्चात्तापच नव्हे, ही चर्चची शिकवण आहे, तेव्हा शनिवारीच रविवारचा हिशोब करणाऱ्या पोरांना हे नीट सांग.

जक्कयाची गोष्ट पण बघ. तो जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, झाडावर चढून बसलेला. येशू खाली उभा राहून त्याला पहिलं काय म्हणतो, तर आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी पैसे परत कर मग येतो असं नाही म्हणाला. आणि त्यानंतर जक्कय स्वतःहून उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. ज्याला एवढं प्रेम खरंच पोचलं त्याला शनिवारी काय वाटेल ते करावंसं वाटतच नाही, निदान पूर्वीसारखं तरी नाही.

प्रश्न : मी मालवणची कॅथलिक, लग्न होऊन प्रोटेस्टंट घरात आले. सासरची माणसं चांगली आहेत, पण जेवताना विषय निघाला की म्हणतात, तुम्ही लोक कर्मांनी तारण मिळवता, आम्ही कृपेने. मला उत्तर देता येत नाही. (वेंगुर्ला)

उत्तर : बाय, भांडायचं नाही, पण माहिती हाताशी असू दे. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा एक माणूस शिकवत होता की माणूस मनावर घेईल तर स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाला आवडेल असं जगू शकतो. संत ऑगस्टीन त्याच्याशी वर्षानुवर्षं झगडला, आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. ५२९ मध्ये ऑरेंजच्या सभेने तर असंही म्हटलं की विश्वास ठेवायची नुसती सुरुवातसुद्धा देवाच्या कृपेनेच होते. प्रोटेस्टंट चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली त्या मार्टिन लूथरच्या जवळजवळ हजार वर्षं आधीची ही गोष्ट.

लूथरने १५१७ मध्ये दंडमुक्तीपत्रांच्या, म्हणजे पापाची शिक्षा माफ होईल म्हणून पैसे घेऊन दिलेल्या पत्रांच्या, विक्रीविरुद्ध आवाज उठवला, आणि ती विक्री वाईटच होती, हे मान्य करायला आपल्याला काहीच हरकत नसावी. त्यानंतर कॅथलिक चर्चची ट्रेंटची धर्मसभा बसली, तिने जानेवारी १५४७ मध्ये ह्याच विषयावर ठराव केला, आणि त्यातला पहिलाच नियम असा आहे की ख्रिस्ताच्या कृपेशिवाय माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो चर्चच्या बाहेर. हे जेवणाच्या टेबलावर शांतपणे सांग, बरेच जण चकित होतात.

आणि सगळ्यात चांगली बातमी अलीकडची आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरच्या परंपरेतल्या मंडळींच्या लूथरन महासंघाने एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासात, देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांसाठी तयार करतो. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चचा जागतिक संघ आला, प्रेस्बिटेरियन मंडळी ह्याच परंपरेतली. शुद्धीकरण, पुण्य वगैरे मुद्द्यांवर फरक अजून आहेत, ते लपवायचे नाहीत. पण पायाबद्दल तुझ्या माहेरचं आणि सासरचं एकच म्हणणं आहे. आणि उद्या घरात बाळ झालं आणि बाप्तिस्म्याची वेळ आली की त्याच्याकडे बघा, त्याने अजून एकही सत्कर्म केलेलं नसतं आणि तरी देव त्याला आपलं म्हणतो.

प्रश्न : आम्ही वारकरी, देवगडचे. कृपा तर आमच्याकडेही आहे, मग तुमच्यात वेगळं काय?

उत्तर : दादा, प्रश्न आवडला. देवापुढे आपली पुंजी काहीच नाही हे मराठी माणसाला ख्रिस्ती होण्याआधीपासून माहीत आहे, ते आपल्या संतांनीच शिकवलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुमच्या कोकणातलेच, १८६१ मध्ये तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला जन्मले, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतः सांगायचे. वेगळं काय ते एका वाक्यात सांगायचं तर, आमची श्रद्धा एका घडलेल्या गोष्टीला धरून आहे, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत यरुशलेमच्या वेशीबाहेर एका क्रुसावर जे झालं त्याला. आपण अजून पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असं पौल लिहितो. देवाची माया किती हे आम्ही तिथे बघून ठरवतो, आपले दिवस बरे चाललेत की वाईट त्यावरून नाही.

प्रश्न : माहीमच्या चर्चमध्ये मरियामाऊलीची नऊ बुधवारची नोवेना धरली होती. शेवटच्या बुधवारी सासूबाई ॲडमिट झाल्या आणि जाता आलं नाही. सगळी फुकट गेली का? फार टेन्शन आलंय. (नालासोपारा)

उत्तर : नाही हो, काही फुकट गेलं नाही, पुन्हा पहिल्यापासून मोजायचीही गरज नाही. नोवेना ही प्रार्थना आहे, एक दिवस चुकला तर बाद होणारी अट नव्हे, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसणं हे मरियामाऊलीला कळणार नाही असं कसं होईल. सासूबाई घरी आल्या, जरा सावरल्या की एखाद्या बुधवारी जाऊन या, विरार लोकलची गर्दी सोसवत नसेल तर नवव्या दिवसाची प्रार्थना त्यांच्याजवळ बसून दोघींनी मिळून म्हणा.