बोअरचं सॅम्पल नेमकं कसं घ्यायचं? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

भूजलाच्या सॅम्पलिंगवर बरेच प्रश्न आलेत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (एमएस्सी जिऑलॉजीची विद्यार्थिनी, पुणे): प्रोजेक्टसाठी निरीक्षण विहिरींचं पाणी घ्यायचंय. पंप सोडला आणि लगेच बाटली भरली तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या आतल्या पाईपात, महिनोन् महिने उभं असलेलं पाणी हवेशी खेळत बसलेलं असतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो म्हणून पीएच वर जातो, विरघळलेलं लोह तांबडं होऊन खाली बसतं, म्हणजे तुमच्या बाटलीत पाईपातलं पाणी येतं, खडकातलं नाही. आणि लॅब कितीही चांगली असली तरी ती बाटलीत जे आहे तेच मोजणार ना!

आधी पाण्याची पातळी मोजा, पंप सोडायच्या आधी, आणि केसिंगच्या काठावर दरवेळी एकाच खुणेपासून. मग उपसा. जुना नियम आहे उभ्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढायचं. 15 सेंमी व्यासाच्या बोअरमध्ये एका मीटरला साधारण 17.7 लिटर पाणी बसतं, पाणी 30 मीटर उभं असेल तर 530 लिटर झाले, त्याची तिप्पट जवळजवळ 1,600 लिटर, म्हणजे घाईत होणारं काम नाही हे. पण नुसतं तीनपट मोजून थांबू नका, दर पाच मिनिटांनी पीएच, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) आणि तापमान लिहीत जा, ओळीने तीन रीडिंगमध्ये पीएच 0.1 च्या आत आणि ईसी 3 टक्क्यांच्या आत राहिला की मग बाटली पुढे करा. हळू चालणारा पंप असेल तर जाळीच्या पाईपासमोर, म्हणजे जिथून खडकातलं पाणी आत येतं तिथे, ठेवून मिनिटाला 100 ते 500 मिलि एवढंच काढा, पातळी फारशी खाली जात नसेल तर तिप्पट उपसायची गरज पडत नाही, रीडिंग स्थिर झाली की पुरे. मला स्वतःला हीच पद्धत जास्त पटते, गाळ ढवळत नाही.

प्रश्न (नगर जिल्हा): आमचा पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायची बारीक बोअर) थोडं पाणी काढलं की कोरडाच पडतो. तिप्पट कुठून आणू?

नका आणू. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी असतं ते मुरमात आणि भेगांत, त्यामुळे काही ठिकाणी भरायला खूप वेळ लागतो. एकदाच पूर्ण उपसा, भरू द्या, आणि बाटल्यांपुरतं पाणी आलं की 24 तासांच्या आत सॅम्पल घ्या. पुन्हा पुन्हा कोरडा करू नका, कारण भिंतीवरून पाणी झिरपत खाली पडताना त्यात हवा मिसळते आणि पेट्रोल-सॉल्व्हंटसारखे उडून जाणारे पदार्थ तपासायचे असतील तर ते उडून जातात. कोरडा पडला होता हे नोंदवहीत लिहाच.

प्रश्न (जलसुरक्षक): बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत पाणी दिलं तर लॅबने परत पाठवलं. का?

जंतूंच्या तपासणीसाठी असेल तर बरोबरच केलं त्यांनी. त्याला लॅबने दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते, पाण्यात क्लोरीन असेल तर तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. ही बाटली विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायची नाही, हलवायला थोडी जागा ठेवायची. बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांत आणि फार तर 24 तासांत पोचवा. फ्लोराइड आणि बाकी क्षारांसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते, ती त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइड लिटरला 1.5 मिग्रॅच्या वर-खाली असेल तर गावाने ते पाणी प्यायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरतं, म्हणून एवढं सांगतोय.

प्रश्न (डम्पिंग ग्राउंडजवळच्या मॉनिटरिंगवर काम करणारा ज्युनिअर): सिनिअर म्हणतात आधी ॲसिड टाका, फिल्टर लॅबमध्ये करू. चालेल?

विरघळलेले धातू हवे असतील तर अजिबात नाही. गढूळ पाण्यात ॲसिड पडलं की मातीच्या कणांवरचं लोह, मँगनीज, शिसं सुटून पाण्यात येतं, आणि नंतर कितीही गाळलंत तरी ते परत बाहेर काढता येत नाही, भूजलात नसलेलं प्रदूषण कागदावर तयार होतं. विहिरीवरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मग नायट्रिक ॲसिड, पीएच 2 च्या खाली येईपर्यंत. ही बाटली फक्त धातूंची. त्यातूनच नायट्रेट बघायला गेलात तर ॲसिडमधलंच नायट्रेट मोजाल! नायट्रेटची बाटली वेगळी, ॲसिडशिवाय, 4 अंशांवर, 48 तासांच्या आत लॅबमध्ये. सॉल्व्हंटच्या 40 मिलिच्या काचेच्या कुप्या मात्र सगळ्यात आधी भरा, काठोकाठ, झाकण लावून उलट्या करून टिचकी मारा, बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद, नवीन भरा. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे विहिरीवरून वारा जिकडे जातो तिकडे ठेवा, नाहीतर त्याचा धूर कुपीत जातो.

प्रश्न: एका दिवसात सात विहिरी असतील तर सुरुवात कुठून?

स्वच्छ विहिरीपासून, म्हणजे डम्पिंग ग्राउंड असेल तर जिकडून भूजल कचऱ्याकडे वाहत येतं त्या वरच्या अंगाच्या, आणि सगळ्यात दूषित शेवटी. मध्ये पंप आणि नळी धुवायची, धुतल्यावर डिस्टिल्ड वॉटर नळीतून फिरवून त्याचीही एक बाटली लॅबला द्या, त्यात काही निघालं तर नळी स्वच्छ नव्हती. लेबल बाटली भरायच्या आधी, कोरड्या बाटलीवर, पक्क्या मार्करने लिहा, शाईपेनाचं लेबल बर्फाच्या पाण्यात पुसून जातं आणि मग कुठली बाटली कुठल्या विहिरीची हे कोणालाच सांगता येत नाही.