पिचर हाच खरा गोलंदाज

अमेरिकी बेसबॉलपटू पॉल स्कीन्स याच्याविषयीच्या मराठी मजकुरात ‘महाविद्यालयीन गोलंदाज’, ‘लिलावात पहिला’ आणि ‘पहिल्याच हंगामात 170 बळी’ असे शब्दप्रयोग वाचून एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या पिचरला ‘गोलंदाज’ म्हणावे काय, आणि संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीला, म्हणजे ‘ड्राफ्ट’ला, ‘लिलाव’ हा शब्द चालेल काय?

वाचकाने ‘बळी’विषयी काही विचारलेले नाही, पण तो शब्द वारंवार कानी पडतो आणि तो चूक आहे. 2024 च्या हंगामात स्कीन्सने पिट्सबर्ग पायरेट्स या संघाकडून 133 इनिंग्ज पिचिंग केले. एका इनिंगमध्ये तीन जण बाद होतात. म्हणजे त्या काळात 399 जण बाद झाले, आणि 170 हा आकडा केवळ स्ट्राइकआउटचा, म्हणजे पिचरने तीन ‘स्ट्राइक’ टाकून स्वतःच बाद केलेल्या फलंदाजांचा आहे. ‘170 बळी’ लिहिणाऱ्याने उरलेल्यांची नोंद कशात करायची, हेही सांगावे. स्ट्राइकआउटला स्ट्राइकआउटच म्हणावे.

आता ‘गोलंदाज’. हा शब्द क्रिकेटचा आहे, बेसबॉलला लावणे हा अडाणीपणा आहे, असे काही भाषाप्रेमी ठासून सांगतात. त्यांनी मोल्सवर्थचा कोश उघडून पाहावा. तेथे गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. पेशवाईच्या तोफखान्यात गोलंदाज होते आणि कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतील देशी तोफची पलटणीलाही हेच नाव होते. क्रिकेटने हा शब्द तोफखान्याकडून उसना घेतला आहे. उसन्या वस्तूवर एकट्याची मालकी सांगता येत नाही. ‘गोल’ आणि ‘अंदाज’ मिळून ‘गोलचा अंदाज घेणारा’ अशी फोड करणारेही भेटतात. ती फोड निखालस चूक आहे. गोळ्याला जोडलेला ‘अंदाज’ हा फारसी ‘अंदाख्तन’ या क्रियापदापासून येतो, आणि त्याचा अर्थ आहे फेकणे. तिरंदाज बाण सोडतो, दस्तंदाजी करणारा दुसऱ्याच्या कामात हात घालतो, आणि गोलंदाज गोळा फेकतो.

येथेच या शब्दाची खरी गंमत आहे. क्रिकेटच्या नियमांनुसार चेंडू फेकण्यास मनाई आहे. हात खांद्याच्या पातळीला आल्यावर कोपर सरळ केले तर चेंडू अवैध ठरतो, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत जेमतेम 15 अंशांची सवलत मिळते. म्हणजे ज्याला फेकण्याची बंदी त्याला आपण ‘फेकणारा’ म्हणतो, आणि जो कोपर वाकवून, खांद्यामागून पूर्ण ताकदीने चेंडू फेकतो, त्या पिचरला ते नाव द्यायला कचरतो. पिचरवरही एके काळी अशीच बंधने होती आणि त्याला हात खाली ठेवूनच चेंडू टाकावा लागे. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या नॅशनल लीगने 1884 मध्ये खांद्यावरून फेकण्याची मोकळीक दिली. माझे ठाम मत असे आहे की, त्या वर्षापासून ‘गोलंदाज’ या शब्दावर पिचरचा हक्क क्रिकेटपटूपेक्षा अधिक आहे. ताशी 160 किलोमीटरच्या वेगाने चेंडू सोडणाऱ्या स्कीन्सला तर तोफखान्यातला मूळ अर्थही शोभतो. याच पायरेट्सनी 2008 मध्ये भारतातील स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याशी करार केला, तेव्हा ते दोघेही क्रिकेटचे गोलंदाज नव्हते, भालाफेकपटू होते, हे मला फार बोलके वाटते.

राहिला ‘लिलाव’. आयपीएलमुळे हा शब्द ओठांवर बसला आहे, पण ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात, आणि निवडलेल्या खेळाडूशी कराराची बोलणी करण्याचा हक्क त्या संघाला मिळतो. स्कीन्स आधी हवाई दलाच्या अकादमीत होता, मग लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला आणि 2023 मध्ये त्या संघासह महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेता ठरला. त्याच जुलैत पायरेट्सनी त्याला सर्वांत आधी निवडले, कारण पहिल्या निवडीचा मान त्यांना सोडतीत मिळाला होता. 92 लाख डॉलरची करारावेळची रक्कम ही त्यानंतरच्या वाटाघाटीतून ठरली. म्हणून ‘ड्राफ्टमध्ये पहिली निवड’ असे लिहावे. इंडियानापोलिसच्या मायनर लीग, म्हणजे खालच्या श्रेणीतील, संघातून 11 मे 2024 रोजी तो सर्वोच्च श्रेणीच्या मेजर लीगमध्ये उतरला, त्याला मात्र साधे ‘पदार्पण’ पुरते.