रग्बीसाठी कॉलेज सोडतो म्हणतोय

पलूसकडचा मुलगा, वय 20, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. शाळेपासून कबड्डी, गेली दीड वर्षं रग्बी, यंदा विद्यापीठाच्या संघात निवड. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील त्याला घेऊन सांगलीत आमच्याकडे सल्ल्यासाठी आले आणि आल्या आल्या मुद्द्यालाच हात घातला. "सर, कॉलेज सोडून मुंबईला क्लबात जातो म्हणतोय. पुढं लीग खेळणार म्हणे. काय करायचं याचं?" मुलगा मोबाइल उलटा धरून गप्प.

प्रो कबड्डी आल्यापासून या भागातल्या घरांत हा प्रश्न नवा राहिलेला नाही. फक्त रग्बीचं गणित फार वेगळं आहे, आणि ते मुलाने स्वतः मांडल्याशिवाय त्याला पटत नाही. म्हणून कागद त्याच्याच हातात दिला. जून 2025 मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, प्रत्येकी 13 खेळाडू, त्यातले भारतीय पाच. म्हणजे देशभरातून 30 जागा, आणि स्पर्धा साधारण दोन आठवड्यांची. उरलेल्या पन्नास आठवड्यांचं भाडं आणि खुराक कुठून येणार, हे त्याने लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. वडील लगेच म्हणाले, "मग खेळच बंद करायला सांगा." तेही चूकच.

मुलाच्या डोक्यात परदेशातले व्हिडिओ होते. दक्षिण आफ्रिकेत 2008 पासून विद्यापीठांची व्हर्सिटी कप स्पर्धा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाचा एबेन एट्झेबेथ केप टाउन विद्यापीठाकडून ती खेळूनच पुढे गेला. जपानमध्ये तेईक्यो विद्यापीठाने 2009 च्या हंगामापासून सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, आणि तिथले पदवीधर कंपन्यांच्या संघांत जातात. "बघा की, कॉलेजातूनच प्रो होतात," असं तो म्हणाला. त्याला तेवढंच विचारलं: ही मुलं कॉलेज सोडून गेली की कॉलेजात राहून?

आपल्याकडची वाटही कॉलेजातूनच जाते. आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून शिवाजी विद्यापीठाचा संघ, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथे वर आलेल्या विद्यापीठांना खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स. अट अशी की खेळाडू नियमित विद्यार्थी हवा आणि वय 25 च्या आत. प्रवेश रद्द केला की त्याच दिवशी ही वाट बंद. न सोडता बी.कॉम. पुरं करून एम.कॉम. घेतलं तर त्याच्यापुढे अजून काही हंगाम शिल्लक राहतात. याला समांतर दुसरी वाट राज्य संघटनेची: नोंदणी, निवड चाचणी, राष्ट्रीय स्पर्धा, मग राष्ट्रीय शिबिर. लीगच्या तीस जागांत शिरायचं तर शिबिरापर्यंत पोचायलाच हवं. दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात.

आता नोकरीचं, कारण वडिलांचा खरा घोर तोच होता. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यातल्या खेळांच्या यादीत 2020 पासून रग्बी आहे, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व केलेला खेळाडू त्या कोट्यात अर्ज करू शकतो. मात्र स्पर्धेत वाटतात ते रंगीत सहभाग प्रमाणपत्र इथे पुरत नाही. ठरावीक नमुन्यातला फॉर्म 3 लागतो, त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांची सही. मुलं प्रमाणपत्राची फ्रेम करून भिंतीला लावतात आणि चार वर्षांनी भरतीची जाहिरात आली की फॉर्मसाठी कोल्हापूरला खेटे घालतात. तोवर अधिकारी बदललेले, संघाची यादी सापडत नाही, यादीत नाव एक आणि दहावीच्या दाखल्यावर दुसरंच. स्पर्धेहून परतल्यावर त्याच महिन्यात फॉर्म भरून घ्यायचा, संघाच्या यादीची प्रत जोडून ठेवायची. आमच्या मते कॉलेजच्या वर्षांतलं हे सगळ्यात मोलाचं काम, आणि ते मैदानाबाहेरचं आहे.

मध्येच इंग्लंडचा विषय निघाला. कोणा एजंटाने पैसे घेऊन "शिकता शिकता प्रो करार" कबूल केला होता. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला मनाई आहे, एवढं सांगितल्यावर मुलाने तो नंबर स्वतःच काढून टाकला.

खेळाबद्दल त्याच्याशी वेगळं बोललो. कबड्डीमुळे त्याची पकड घट्ट आहे, पण निवड समितीपुढे तीच सवय घात करते. चढाईपटूला नुसत्या खांद्याने धडक देऊन बाहेर काढणं कबड्डीत चालतं. रग्बीत हात न गुंडाळता दिलेली धडक किंवा खांद्याच्या वर गेलेली पकड म्हणजे पेनल्टी, आणि बऱ्याचदा पिवळं कार्ड. सात जणांच्या रग्बीत पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, तेही सात मिनिटांच्या डावात. दुसरी उणीव दमाची. कबड्डीत तीस सेकंदांची चढाई, मग श्वास. इथे श्वास घ्यायला उसंत नाही. त्यासाठी ब्रॉन्को चाचणी धरायची: 20, 40 आणि 60 मीटर जाऊन परत, अशा पाच फेऱ्या न थांबता, एकूण 1200 मीटर. पाच मिनिटांच्या आत यायला हवं. त्याचा वेळ त्यापेक्षा बराच जास्त होता.

आईने शेवटी विचारलं, "डोक्याला लागलं तर?" डोक्याला मार बसून गरगरलं, मळमळलं, काही क्षण आठवेना, तर त्या दिवशी परत मैदानात नाही, बरं वाटलं तरी नाही. डॉक्टरांना दाखवायचं आणि सामन्यात परत यायला हौशी खेळाडूने किमान 21 दिवस धरायचे. मुलं संघातली जागा जाईल म्हणून लपवतात, तेव्हा घरच्यांनीही विचारत राहायचं.

ठरलं ते असं. कॉलेज चालू, तिसऱ्या वर्षाचा प्रवेश वेळेत. स्पर्धा आणि सेमिस्टर परीक्षा एकमेकांवर येतात, म्हणून शारीरिक शिक्षण संचालकांचं पत्र स्पर्धेला जाण्याआधीच प्राचार्यांकडे द्यायचं, परीक्षा झाल्यावर नाही. मुंबईच्या क्लबचा सराव उन्हाळी सुट्टीत, आणि राहण्याचा खर्च वडील देणार. पुढच्या भेटीला तीन गोष्टी आणायच्या: निकालपत्र, ब्रॉन्कोचा वेळ आणि सही झालेला फॉर्म 3.