सातशे मुलांच्या शाळेचा दर्जा कशावरून ओळखावा?

वाचकांचे प्रश्न : शिक्षण

प्रश्न : आमच्या भागात कारखाने वाढले तशी जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळाही वाढत गेली आणि आज तिथे सातशेहून अधिक मुले शिकतात. गावातील मुलांबरोबर मराठवाड्यातून आलेल्या बंजारा मजुरांची, उत्तर प्रदेश-बिहारमधील कामगारांची आणि कर्नाटकातील बांधकाम मजुरांची मुले एकाच वर्गात बसतात. शिष्यवृत्ती परीक्षेत दरवर्षी काही मुले चमकतात, देणगीतून डिजिटल फळे आले आहेत. तरीही चौथीतील कित्येक मुलांना धड वाचता येत नाही, असे शिक्षकच सांगतात. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. शाळेचा दर्जा आम्ही कशावरून ठरवावा आणि सुधारणा कुठून सुरू करावी?
– एक वाचक, चाकण परिसर

उत्तर : दर्जा ठरवण्याचे माप आपल्या पत्रातच आहे. चौथीत पोहोचूनही वाचता न येणारी मुले किती आहेत आणि ती कोणाची आहेत, या दोन प्रश्नांची नेमकी उत्तरे शाळेकडे असतील तर ती सुधारू शकते. नसतील तर शिष्यवृत्तीची यादी आणि डिजिटल फळे यांच्या आड खरे चित्र झाकलेलेच राहते. वीस पटाच्या वस्तीवरील शाळेत मागे पडलेले मूल शिक्षकांच्या नजरेतून सुटत नाही. चार-चार तुकड्यांच्या शाळेत मात्र सरासरी काढली की ते मूल त्या सरासरीत हरवते.

म्हणून पहिले काम असे, की दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटे समोर बसवून वाचायला द्यावे. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षणात जी वाचनचाचणी वापरते, ती यासाठी पुरेशी आहे. अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढेच तिचे टप्पे असून एका मुलासाठी काही मिनिटे लागतात. निकालासमोर मुलाची तुकडी, घरची भाषा, शाळेत दाखल झाल्याचा महिना आणि उपस्थिती लिहावी. मागे पडलेली मुले बहुतेक वर्षाच्या मध्यात आलेली आहेत, की एकाच तुकडीत एकवटली आहेत, की एकाच बोलीची आहेत, हे या तक्त्यातून दिसेल, आणि प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा असेल. हा तक्ता कोणत्याही शिक्षकाला जाब विचारण्यासाठी वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तसे एकदा जरी झाले तरी पुढच्या वेळी कागदावर सगळीच मुले वाचू लागतील.

त्यानंतर रोज एक तास इयत्तेच्या भिंती बाजूला ठेवाव्यात आणि तिसरी ते पाचवीची मुले वाचनाच्या पातळीनुसार एकत्र बसवावीत. या पद्धतीची पारख अनेक राज्यांत झाली आहे. हरियाणात सरकारी शिक्षकांनी असा स्वतंत्र तास राखला आणि देखरेख करणारे अधिकारी वर्गात येऊन मदत करू लागले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. बिहारमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले, पण शाळेच्या दिवसाची मांडणी तीच ठेवली, तेव्हा फारसा फरक पडला नाही. वेळापत्रकात हक्काची जागा मिळाल्याशिवाय उपक्रम टिकत नाही, हे यातून ध्यानात घ्यावे. मोठ्या शाळेला इथे एक लाभही आहे : प्रत्येक पातळीसाठी वेगळा शिक्षक देता येईल इतके शिक्षक तिथे असतात.

अर्थात शिक्षक जागेवर असतील तरच. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार दोनशेहून अधिक पटाच्या प्राथमिक शाळेत, मुख्याध्यापक वगळून, एका शिक्षकामागे चाळीसपेक्षा जास्त मुले असता कामा नयेत. मुळात ही मर्यादाच सैल आहे. तीही ओलांडली जात असेल तर समितीने रिक्त पदांचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि त्याचा पाठपुरावा सोडू नये. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे त्याच कायद्याचे कलम २७ सांगते.

आणखी एक गोष्ट आपण स्वतः पाहावी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, तसेच वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असा कायद्याचा दंडक आहे. आपल्या समितीत तांड्यावरून आलेली किंवा बांधकामावर राबणारी एखादी आई आहे का? नसेल, तर ज्यांच्या मुलांसाठी सुधारणा करायची त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवायच शाळा विकास आराखडा तयार होतो. बैठक दुपारी असेल तर रोजंदारी बुडवून कोणीही येणार नाही. ती संध्याकाळी, शक्य झाल्यास त्यांच्या वस्तीवर घ्यावी.

प्रश्न : मी पहिलीला शिकवते. माझ्या वर्गात मराठी न समजणारी मुले बरीच आहेत. त्यांच्याशी घरीही मराठीतच बोलावे, असे पालकांना सांगावे का?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : सांगू नये. ज्या भाषेत आई-वडील मोकळेपणाने बोलू शकत नाहीत ती घरात लादली, तर मुलाशी होणारे बोलणेच आटते आणि नवी भाषा शिकण्याचा पायाच कच्चा राहतो. मूल गोरमाटीत (बंजारा बोलीत), भोजपुरीत किंवा कन्नडमध्ये बोलले तर ते स्वीकारावे, त्याचा शब्द फळ्यावर देवनागरीत लिहावा आणि शेजारी मराठी शब्द द्यावा. गाणी, कृती, चित्रांवरच्या गप्पा यांतून पहिले काही महिने भरपूर मराठी कानावर पडू द्यावी. अक्षरओळख त्यासोबत सावकाश चालू शकते. त्याच बोलीचे एखादे मोठे मूल किंवा पालक आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला आले तर वर्गाचा नूर बदलतो. मराठी येत नाही म्हणून अशा मुलांना ‘मंद’ समजून मागच्या बाकावर बसवण्याची रीत मात्र तत्काळ थांबायला हवी. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलाचा दाखला यायचा असला तरी त्याचा प्रवेश अडवता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवल्यावर इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळणे हा त्याचा कायदेशीर हक्क आहे, याची आठवण आपण मुख्याध्यापकांना करून द्यावी.