पडवीतला फ्रीजर आणि ग्राहक आयोग

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका खेड्यात राहते. हंगामात ओले काजूगर आणि मे महिन्यात हापूसचा रस डब्यांत भरून गोठवायचा आणि मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या घरी पाठवायचा, असा माझा घरगुती उद्योग आहे. मी आणि सासूबाई दोघीच तो पाहतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीकडून २३,४९० रुपयांचा डीप फ्रीजर मागवला. माझे तेथे खाते नसल्यामुळे डोंबिवलीच्या भाच्याने आपल्या खात्यावरून, आपल्या कार्डावर हप्ते बांधून तो घेतला. पत्ता माझ्या घरचा दिला आणि मी त्याचे पैसे यूपीआयने फेडले. फ्रीजर आला तेव्हा खोका एका कोपऱ्यात दबलेला होता, आणि रात्रभर चालवूनही आत ठेवलेली पाण्याची बाटली गोठली नाही. दुसऱ्याच दिवशी परतीची विनंती केली, ती मान्यही झाली. त्यानंतर तीन वेळा ‘माल नेण्यास आलो असता ग्राहक घरी नव्हते’ असा संदेश आला; तिसरा तर रात्री ९ वाजून १४ मिनिटांनी. त्या तिन्ही दिवशी आम्ही दोघी खळ्यात काजू फोडत बसलो होतो. बेड्यापाशी (अंगणाच्या फाटकापाशी) कोणी आले नाही, कोणाचा फोनही आला नाही. चिपळूणला कुरियरच्या कार्यालयात चौकशी केली, तेव्हा तेथला मुलगा म्हणाला की एवढी मोठी वस्तू उचलायला तुमच्या भागात आमची गाडीच येत नाही. एप्रिलमध्ये कंपनीने परतीची मुदत संपल्याचे कळवून परतावा नाकारला. ई-मेल केल्यास अजूनही ‘तपासत आहोत’ एवढेच उत्तर येते, आणि फोनवर एकदा असेही सांगितले गेले की तुम्ही फ्रीजर धंद्यासाठी घेतला, तेव्हा तुम्ही ग्राहकच नाही. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिने तिकडे लहान रकमांच्या न्यायालयात जाऊन असेच पैसे मिळवले. आपल्याकडे असे न्यायालय आहे का? मी कोणाविरुद्ध, कुठे जावे? फ्रीजर पडवीत पडून आहे, सध्या त्याच्या झाकणावर आम्ही आमसुलांच्या पराती ठेवतो.

उत्तर : ताई, सर्वांत आधी त्या पराती उचला. तुमच्या दृष्टीने ती अडगळ असली, तरी तुमच्या प्रकरणातला तो मुख्य पुरावा आहे, आणि आमसुलांच्या आगळाचे डाग पडलेल्या झाकणाचा फोटो समोरच्या वकिलाच्या हाती लागला, तर ‘वस्तू वापरात होती’ एवढे म्हणायला त्यांना तो पुरेल. फ्रीजर पुसून घ्या, दबलेला कोपरा आणि मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक दिसेल असे फोटो काढा, मूळ खोका असेल तर तोही जपा, आणि कोणाकडूनही तो उघडून दुरुस्त करून घेऊ नका.

तुमच्या बहिणीने सांगितलेली व्यवस्था खरी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारण १०,००० पौंडांपर्यंतचे पैशांचे दावे सोप्या पद्धतीने, बहुधा वकिलावाचून चालतात. आपल्याकडे मुंबईत लघुवाद न्यायालय आहे, पण नाव ऐकून तिकडे वळू नका. तेथे मुख्यतः भाडेकरू आणि घरमालक यांचे वाद चालतात. तुमचे ठिकाण रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हे आहे, ज्याला जुनी माणसे अजून ग्राहक मंचच म्हणतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला. त्याखालच्या नियमांप्रमाणे, वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते, आणि ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील देण्याची सक्ती नाही. कंपनीच्या अटींत ‘सर्व वाद अमुक शहरातील न्यायालयातच’ किंवा ‘लवादापुढेच’ असे छापलेले असते, त्याला बिचकू नका. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क या कायद्याच्या कलम ३४ ने दिलेला आहे, आणि लवादाच्या कलमामुळे ग्राहकाची वाट बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका बांधकाम कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आता ज्या मुद्द्यावर तुमचे प्रकरण खरोखर अडू शकते, त्याकडे वळतो. फोनवरच्या माणसाने तुम्हाला सहज म्हणून जे ऐकवले, तेच उद्या कंपनीच्या लेखी कैफियतीतले पहिले वाक्य असेल. कायद्याच्या कलम २(७) प्रमाणे व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही हे खरे, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात पुढे असेही म्हटले आहे की स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी कारण’ या शब्दांत मोडत नाही. जुन्या कायद्यातही हा अपवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात त्याचा अर्थ उलगडून सांगितला : यंत्र किती किमतीचे आहे यावर प्रश्न सुटत नाही, ते कोण चालवते आणि कशासाठी चालवते हे पाहावे लागते, स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक आहे, अनेक टॅक्सी घेऊन चालक नेमणारा नाही. घरातल्या दोन बायका स्वतः काजू फोडतात, स्वतः रस काढतात, पगारी माणूस कोणी नाही, हे तुमचे म्हणणे या चौकटीत चपखल बसते. मात्र ते तक्रारीत लिहिलेले असले पाहिजे. पुष्कळ तक्रारी येथेच ठेचकाळतात. तक्रारदाराला वाटते की हे उघडच आहे, आणि आयोगापुढच्या कागदावर तो शब्दही नसतो. ‘सदर फ्रीजर तक्रारदार हिने केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतला असून ती कुटुंबीयांच्या साहाय्याने तो स्वतः वापरणार होती’ असे एक स्वतंत्र परिच्छेद करून लिहा आणि तेच प्रतिज्ञापत्रातही आणा.

याच कारणासाठी नुकसानभरपाई मागताना हात आखडता घ्यावा, असे माझे मत आहे. वाया गेलेल्या हंगामाचा नफा मागण्याचा मोह होईल, आणि तो अन्याय्यही नाही. पण नफ्याचा तक्ता तुम्ही स्वतःच जोडलात की व्यापाराचा मुद्दा आपल्या हाताने पुढे आणल्यासारखे होते. पूर्ण किंमत, पैसे भरल्यापासूनचे व्याज, चिपळूणच्या खेपेचा खर्च, त्रासापोटी माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च एवढे मागा. २३ हजारांच्या वस्तूसाठी पाच लाखांची मागणी केल्याने आयोग पाच लाख देत नाही, फक्त तक्रारदाराविषयीचे मत बदलते.

दुसरी गुंतागुंत भाच्याची. बिल त्याच्या नावे, पैसे शेवटी तुमचे, वस्तू तुमच्या घरी. कोकणात हे घरोघरी चालते. चाकरमान्यांच्या खात्यावरून गावचा गॅस गीझर येतो तसाच गणपतीचा मखरही येतो. कायद्याने, खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहक आहे, त्यामुळे तुमचा हक्क जात नाही. तरीही शंकेला जागा नको म्हणून तुम्ही आणि भाचा दोघांनी मिळून तक्रार करावी : तो खरेदीदार म्हणून, तुम्ही वापरकर्त्या आणि पैसे फेडणाऱ्या म्हणून. त्याच्या कार्डाची विवरणपत्रे आणि तुमच्या यूपीआयचे उतारे एकमेकांशी जुळतील असे तारीखवार लावा. तो डोंबिवलीला राहतो म्हणून प्रकरण ठाणे जिल्ह्यात न्यावे लागेल असे नाही. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहता, माल तेथेच उतरला आणि तेथूनच तो नेला गेला नाही.

कोणाविरुद्ध, तर दोघांविरुद्ध. बिल नीट पाहिलेत तर त्यावर विक्रेता म्हणून कोणत्या तरी तिसऱ्याच पेढीचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक आढळेल. ऑनलाइन कंपनी म्हणणार की आम्ही फक्त बाजार मांडतो, विकणारा वेगळा. विक्रेता म्हणणार की परतीची व्यवस्था कंपनीची. दोघे एकाच कागदावर विरुद्ध पक्ष असले की हे चेंडू फेकणे आयोगासमोरच होते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष वस्तू परत घेण्यास किंवा तिचा परतावा देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. कंपनीचे उत्तरदायित्व तुमच्या प्रकरणात अधिकच स्पष्ट आहे, कारण परतीची विनंती तिने स्वतः मान्य केली आणि ‘ग्राहक घरी नव्हते’ हे संदेशही तिच्याच यंत्रणेतून आले.

त्या संदेशांचे काय करायचे? भाच्याच्या खात्यावरची मागणीची सगळी पाने, तारीख-वेळ दिसेल अशी, आजच छापून घ्या. अशी पाने कायम राहतीलच असे धरून चालू नये. त्या तीन दिवसांची तुमच्या मोबाइलची कॉल-नोंद मोबाइल कंपनीकडून मागवता येते का पाहा; माल न्यायला आलेला माणूस दारात येऊन फोन न करता परत गेला, हे कोणालाही पटणार नाही. सासूबाईंचे आणि समोरच्या घरातील कोणाचे तरी प्रतिज्ञापत्र घ्या. चिपळूणच्या मुलाचे बोलणे कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणासमोर झाले ते लिहून ठेवा. तो साक्षीला येणार नाही, पण तुमच्या प्रतिज्ञापत्रात ते येऊ शकते. मोबाइलवरून छापलेल्या कागदांसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे.

फ्रीजर खरोखर बिघडलेला आहे, हेही सिद्ध करावे लागेल. ते कागदावरून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्यात वेळ जातो. त्यापेक्षा उत्पादकाच्या अधिकृत सेवाकेंद्राचा तंत्रज्ञ घरी बोलावून त्याच्याकडून लेखी जॉबशीट घ्या, दोष काय आणि आदळल्याने झालेला दिसतो का, एवढे त्यात असू द्या.

मुदतीविषयी सावध राहा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. ‘तपासत आहोत’ या ई-मेलांनी मुदत वाढते अशी समजूत करून घेऊ नका, आणि सुरक्षितपणासाठी मोजणी एप्रिलपासून न करता माल आला त्या मार्चच्या दिवसापासून करा. पावसाळा उतरेपर्यंत थांबायला हरकत नाही, त्याहून अधिक नको. मधल्या काळात कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, ज्याचे नाव संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, एक नेमके पत्र पाठवा. त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. काही वेळा तेवढ्यानेच पैसे येतात, पण हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, तिचा आदेश कोणावर बंधनकारक नसतो. त्यानंतर दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावत्या जपा.

तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते. रत्नागिरीला जाण्यासाठी तवसाळ-जयगडची फेरीबोट पावसात चालू असेल की नाही या काळजीने तुम्ही आतापर्यंत थांबला असाल, तर तेवढे कारण तरी उरले नाही. सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने व्हावी असा अर्ज करता येतो. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात, ४६ व्या दिवशी आणलेली कैफियत घेता येत नाही. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, असे कायद्यात आहे. व्यवहारात तारखा त्याहून पुष्कळ लांबतात, तेव्हा पुढच्या काजूच्या हंगामाची तरतूद या पैशांवर अवलंबून ठेवू नका. पहिल्या तारखांना कंपनीचा वकील तडजोड मांडण्याचा संभव बराच आहे. त्या वेळी पूर्ण किंमत आणि फ्रीजर स्वखर्चाने उचलून नेणे, या दोन गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : देवगडहून एक वाचक लिहितात. ऑनलाइन घेतलेल्या सदोष मोबाइलबद्दल जिल्हा आयोगाने माझ्या बाजूने आदेश दिला. कंपनीने ४५ दिवसांत पैसे द्यायचे होते, आज चार महिने झाले. आता पुन्हा नवी तक्रार करावी लागेल का?

उत्तर : नवी तक्रार नको. ज्या आयोगाने आदेश दिला, त्याच आयोगाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत सिंधुदुर्गनगरीला, अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७१ प्रमाणे हा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्ज करण्यापूर्वी राज्य आयोगात कंपनीने अपील केले आहे का आणि स्थगिती मिळवली आहे का, ते ई-जागृतीवर पाहून घ्या. अपिलाची मुदत ४५ दिवसांची असते आणि ते दाखल करताना आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे मोबाइलच्या किमतीसाठी कंपन्या तिथवर जातातच असे नाही. अनेकदा आदेशाची प्रत त्यांच्या एखाद्या विभागात पडून असते. अर्जाबरोबर आदेशाची प्रमाणित प्रत, तुमच्या बँक खात्याचा तपशील आणि आजपर्यंतच्या व्याजाचा स्वतंत्र हिशेब जोडा, आणि त्याची एक प्रत कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला त्याच दिवशी पाठवा.